करू नये स्टॉप

रुपराव भोयर एकवीस वर्षांपासून कंपनीची बस चालवून राहिला होता, आन एकवीस वर्षांत त्यानं एकाही माणसाचा अर्धा दिवस कापू दिला नव्हता. हे ध्यानात ठेवा, कारण फुशारकी मारासारखं बाकी त्याच्याजवळ काहीच नव्हतं. टक्कल होतं, ढेरी होती आन राग होता. राग असा, का पुढच्या ऑटोवाल्यानं इंडिकेटर नाही दिलं त हा खिडकीतून मुंडकं काढून त्याच्या आजोबापर्यंत जाऊन वापस येई.

बस सक्करदऱ्याहून पाच पन्नासले निघे. मानेवाडा, छत्रपती चौक, त्रिमूर्ती नगर, जयताळा. असे पाच स्टॉप करत, माणसं भरत, हिंगण्याच्या एमआयडीसीत गेटवर बरोबर सहा पन्नासले. सातची पाळी. गेटवर अंगठ्याची मशीन आहे. सात वाजून एक मिनिट झालं का मशीन लाल बत्ती दाखवते, आन अर्धा दिवस गेला. ट्रॅफिक होतं, टायर फुटलं, सासू मेली, काही सांगा, मशीनले कान नाही. म्हणून त्रेचाळीस माणसं रोज सकाळी आपला अर्धा दिवस रुपरावच्या उजव्या पायावर ठेवत आन मान खाली टाकून घोरत.

यंदाच्या एप्रिलात रुपरावले उन्हाळी लागली.

नागपुरात हे कोणाले समजावून सांगा लागत नाही, पण बाहेरच्याइसाठी सांगतलेलं बरं. लघवीले गेलं का आग, आलं का पुन्हा जा वाटते, पुन्हा गेलं का चार थेंब, आन त्या चार थेंबाइनं डोळ्यात पाणी. रुपरावचं कारण साधं होतं. त्याच्या डाव्या गुडघ्याले लागून बसचं इंजिन. बाहेर बेचाळीस डिग्री, गुडघ्याजवळ किती ते कोणी मोजलं नाही. त्यात हा पाणी पियेच नाही. काहून? त पाणी पिलं का थांबा लागते, थांबलं का उशीर होते. एकवीस वर्षं त्यानं सकाळच्या पाळीले तोंडसुद्धा फक्त खंगाळलं होतं.

एप्रिलाच्या दुसऱ्या हप्त्यात, जयताळा सोडून दीड किलोमीटर पुढं गेल्यावर, त्याच्यानं राहवलंच नाही. डाव्या अंगाले एका बंद पडलेल्या लग्नाच्या लॉनची लांब भिंत होती. भिंतीवर कधीकाळी लिहिलं होतं, 'येथे लघवी करू नये'. पहिले दोन शब्द पोपडे धरून पडून गेले होते. 'करू नये' एवढंच राहिलं होतं. रुपरावनं ते वाचलं आन तिथंच केली.

दोन मिनिटं लागले. बसमधला कोणीच उठला नाही. बस सहा बावन्नले गेटवर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच आग झाली. ब्रेक मारला, खाली उतरला, त भिंतीजवळ गोलू उभा. गोलू पॅकिंगमधला पोट्टा, लॉनच्या मागं खोली करून राहणारा. रोज दीड किलोमीटर उलटा चालत जयताळ्याले जाये, बसमध्ये बसे, आन तेच दीड किलोमीटर बसनं वापस आपल्या खोलीवरून जाये.

"अबे तू इथं काय करून राहिला?"

"काही नाही काका. काल माझा एक डोळा उघडा होता. तुमी करून घ्या आरामात. मी चढतो."

चौथ्या दिवशी चार जण होते. दहाव्या दिवशी अकरा. लॉनच्या मागं सारी नवीन वस्ती पडली होती, कंपनीतले निम्मे तिकडंच खोल्या करून. महिना संपता संपता एकोणीस माणसं रोज सहा चाळीसले त्या भिंतीजवळ लाइनीत उभे राहत आन रुपराव एका बाजूले तोंड करून उभा राहिला का दुसऱ्या बाजूनं चढत. भीमाबाईनं तिथं चहाचा ठेला टाकला. कोणीतरी तुटका बाक आणून ठेवला. जागेचं नावच पडलं, 'करू नये'. ऑटोवाल्याले सांगत, "भाऊ, करू नये वर सोडा," आन ऑटोवाला सोडे.

कंपनीच्या कागदात पाचच स्टॉप होते. सहावा करायचा नाही म्हणजे नाही, मागं कोणीतरी चढताना पडलं होतं तेव्हापासून. पण त्याच कागदात तिसऱ्या पानावर हेही होतं, का चालकाच्या नैसर्गिक गरजेसाठी गाडी सुरक्षित ठिकाणी जास्तीत जास्त चार मिनिटं उभी करता येईल. म्हणजे 'करू नये' स्टॉप पूर्ण कायद्यात होता. रुपरावच्या लघवीच्या भरवशावर.

घरी मात्र रुपराव सांगे ना कोणाले. जयवंतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, बाथरूमच्या दाराआडून दात खाल्ल्याचा आवाज ऐकला तेव्हा समजलं. तिनं पोरीले सांगतलं. पोरगी रितिका, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाले, जगातल्या साऱ्या रोगाइचा ठेका घेतल्यासारखी. चार दिवसात कुरियरनं एक पुडकं आलं. पुडक्यावर पिवळं फूल आन खाली दाताड्या पानाइचं चित्र.

"हे काय व्हय?"

"डँडेलियन. याच्या पानाचा चहा करून पितात बाबा. लघवी साफ होते."

"कुठं उगते हे?"

"थंड देशात. हिमाचलाकडंही भेटते."

"थंड देशातल्या लोकाइले उन्हाळी कुठून लागते वं? त्याइले काय माहीत आगीचं?"

"बाबा, तुमी पहिले डॉक्टरकडं चला. चहा नंतर."

"मी नाही जात. बाटलीत धरून द्या म्हणते तो. या वयात मी बाटलीत धरू?"

जयवंता मधात बोलली, "साऱ्या रस्त्यानं पाहिलं तुमाले भिंतीले करताना. बाटलीले काय लाजता?"

हे खरं होतं, म्हणून रुपरावले जास्तच राग आला. पण गेला. डॉक्टर म्हणजे सक्करदरा तलावाजवळचा म्हातारा, अर्ध्या चष्म्यातून पाहणारा. त्यानं रिपोर्ट पाहिला आन सांगतलं का इन्फेक्शन आहे, सात दिवस गोळ्या खा, एकही चुकवू नका, पाणी प्या आन दाबून ठेवू नका. रितिकानं पुडकं दाखवलं.

"घ्यायचा त घ्या," डॉक्टर म्हणे. "पण हे गोळीच्या जागी नाही, हे समजून घ्या. यानं लघवी जास्त होते एवढं लोकं सांगतात. जंतू यानं मरते का नाही, मी छातीठोक सांगत नाही."

रुपरावनं त्यातलं एवढंच ऐकलं का लघवी जास्त होते. त्याच्या डोक्यात गणित असं बसलं, का सारी एकाच वेळी घरीच होऊन जाईन, मंग रस्त्यावर उरणारच नाही. टाकी पहाटेच रिकामी करून गाडी काढायची. म्हणून त्यानं साडेचारले उठून एक नाही, तीन गिलास डँडेलियन पेले. कडू, कोमट, वाळलेलं गवत भिजवल्यासारखा वास.

लघवी काही त्याच्या टाइमटेबलानं चालत नव्हती. पाच पन्नासले तो सक्करदऱ्याहून कोरडा ठणठणीत निघाला. मानेवाड्यालेच बोलावणं आलं. तिथं विजेच्या एका डीपीमागं गेला. छत्रपती चौक सोडला, पुन्हा. एका नर्सरीच्या कुंपणाजवळ. मंग 'करू नये'. असे तीन. दोनच दिवसात डीपीजवळ चार आन नर्सरीजवळ सहा माणसं उभे राहाले लागले. त्यातले दोघं त कंपनीचेही नव्हते. ते म्हणे, "काका, बुटीबोरीकडून जाता का?"

"मी मुताले उतरलो बे! तुमी काहून चढता?"

"मंग तुमी मुता ना काका, आमी कुठं नाही म्हणतो."

बुधवारी बस गेटवर सात वाजून एक मिनिटानं पोचली.

एक मिनिट. मशीननं त्रेचाळीस वेळा लाल बत्ती दाखवली. कोणी शिवी दिली नाही, हेच रुपरावले जास्त लागलं. कांताबाई, साठीले टेकलेली, पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई, लंगडत त्याच्याजवळून गेली आन म्हणे, "होते गा रुपरावभाऊ. माझाही गुडघा ऐकत नाही माझं." रुपराव स्टेअरिंगवर डोकं ठेवून तसाच बसून राहिला, सात वाजता आग ओकणाऱ्या गाडीत.

बसचा मालक बाबाराव. त्याच्या तीन बसा, आन आवाज असा का फोन कानापासून हातभर दूर धरा लागते.

"रुपराव! कंपनीचा फोन आला मले. पुन्हा एकदा लेट झालं त गाडी पिंटूले देतो. पिंटू दारातच उभा आहे माझ्या."

"पिंटूले क्लच कुठं असते ते माहीत आहे का?"

"क्लच नसन माहीत, पण त्याले लघवी नाही लागत!"

रुपरावनं त्या दिवशीपासून डँडेलियन बंद केलं. पुडकं जयवंतानं फ्रिजवर ठेवून दिलं. गोळ्या मात्र साती दिवस खाल्ल्या, घड्याळ लावून. पाणी संध्याकाळी पिये, भरपूर, पहाटे नाही. आन खरंच, आठव्या दिवशी आग गेली. डीपी गेला, नर्सरी गेली, सोमवारी सकाळी तो 'करू नये'च्या भिंतीजवळ आला, त पोटात काहीच नाही. शांत. एकवीस वर्षांपहिलेचं पोट. रुपरावनं खुशीत हॉर्न वाजवला आन चौथ्या गेअरमध्ये भिंतीसमोरून निघून गेला.

आरशात दिसलं. एकोणीस माणसं डबे घेऊन धावून राहिले होते. मधातच भीमाबाई किटली घेऊन धावून राहिली होती, तिले काय कारण होतं ते तिलेच माहीत. सगळ्यात मागं कांताबाई, एक हात वर, धावत नव्हती, चालत होती. मंग उभी राहिली.

त्या एकोणीस जणाइचा अर्धा दिवस गेला. रुपरावनं स्वतःले सांगतलं, त्याइनं स्टॉपवर उभं राहाले पाहिजे होतं, माझी काय चुकी. सांगतलं, पण दुपारचा डबा तसाच वापस आणला.

संध्याकाळी घरी आला त ओट्यावर जत्रा. गोलू, असेंब्लीतला सौरव, भीमाबाई आन चार-पाच जण. कोणाच्या हातात टरबूज, कोणाच्या हातात काकड्या, सौरवजवळ दोन लिटरच्या बाटलीत जवाचं पाणी, गोलूजवळ उसाच्या रसाची पन्नी. भीमाबाईनं पदरातून हिरव्या पाल्याची जुडी काढली.

"हे पाथरी व्हय," भीमाबाई म्हणे. "तुमच्या फ्रिजवरच्या त्या पुडक्यावरच्या फुलाची बहीण दिसते. आमच्या गावी बांधावर फुकट उगते. खा आन करा."

रितिका पाल्याकडं पाहून म्हणे, "मावशी, दिसते तशी, पण तेच नाही ते."

"बहीण नाही त चुलत बहीण असन. काम त एकाच घरचं ना?"

रुपराव पायरीवरूनच ओरडला, "झालं काय? कोण मेलं?"

गोलू पुढं झाला. "काका, तुमची तब्येत बरी झाली म्हणे."

"हाव. झाली. एकदम झाली."

"तेच त," सौरव म्हणे आन मान खाली घातली, मयतीत घालतात तशी.

"म्हणजे?"

"म्हणजे काका, आता आमचं कसं?"

दाराच्या चौकटीत जयवंता उभी होती, हातात लाटणं. "अवं माय," म्हणे ती, "लोकाइच्या घरी पाहुणे चहा प्याले येते. हे पाहुणे माझ्या माणसाले मुतवाले आले!"

"काकू, एकदाच रोज. सहा चाळीसले," गोलू हात जोडून म्हणे. "तीन वेळा करा असं कुठं म्हणतो आमी? ते डीपीवाल्याइचं आमच्यावर ढकलू नका."

"तुमी जयताळ्यावर जा ना! दीडच किलोमीटर आहे!" रुपराव म्हणे.

"आमी जाऊ. आमाले पाय आहे. पण कांताबाई? चार महिन्यानं रिटायर आहे ते. तिच्या गुडघ्यात काही राहिलं नाही. तिनं त तुमी थांबता म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं."

रुपरावचा आवाज चढला. "माझ्या लघवीवर कोणी ऑपरेशन पुढं ढकललं?"

"तुमच्या भरवशावर, काका."

रुपरावनं टरबूज उचललं, ओट्यावरून रस्त्यावर फेकलं, आन घरात गेला. पण मंगळवारी तो 'करू नये'ले थांबला.

थांबला, उतरला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. काहीच नव्हतं आत. दोन मिनिटं भिंतीतल्या भेगा मोजल्या, पँट सावरल्यासारखी केली, आन गाडीत बसला. एकोणीस जण चढले होते. बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. मागून पाहणाऱ्याले फरक समजे ना, पण रुपरावले समजे. तो जयवंताले म्हणे, "आयुष्यात तोंडानं कमी खोटं बोललो मी. आता पाठीनं बोलून राहिलो."

शुक्रवारी बाबारावचा फोन.

"रुपराव, गाडीच्या जीपीएसवर रोज तीच भिंत दिसून राहिली. कंपनी म्हणते, हे नैसर्गिक नाही, हा चोरटा स्टॉप आहे. उद्या त्याइचा माणूस बसून राहीन गाडीत. हर्षित नावाचा. तू थांबला आन खरी नाही झाली, त गाडी पिंटूची. मले काही सांगू नको मंग."

"आन नाहीच थांबलो त?"

"त तुले कोण खाते!"

सरळ होतं. रुपरावनं बसच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "उद्या साऱ्याइनं जयताळ्यावर या. करू नये बंद. गाडी सरळ जाईन. नंतर बोंबलू नका." आन पक्कं करावं म्हणून संध्याकाळी सहानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. रितिका म्हणे, "बाबा, असंच करून लागली होती ना आग?" "एक दिवस," म्हणे रुपराव. "एकच दिवस मी खजुरासारखा सुकून जातो."

हर्षित सक्करदऱ्यालेच चढला. पंचविशीतला पोट्टा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. टॅबवर चौकटी: स्टॉपचं नाव, वेळ, कारण, कारण खरं का खोटं. तो रुपरावच्या मागच्याच सीटवर बसला आन म्हणे, "काका, तुम्ही नेहमीसारखं चालवा. मी नाहीच असं समजा."

"समजलो," म्हणे रुपराव, आन पुढच्या ऑटोवाल्याच्या आजोबाले शिवी घालता घालता थांबला.

मानेवाडा बरोबर. छत्रपती चौक बरोबर. त्रिमूर्ती नगर. जयताळ्याले गोलू, सौरव आन बाकीचे, घामानं भिजलेले, दीड किलोमीटर चालून आलेले, मुकाट चढले. कोणी रुपरावकडं पाहिलं नाही. हर्षितनं टॅबवर बोट फिरवलं. सहा अडतीस. गाडी मोकळ्या रस्त्याले लागली. रुपरावले हलकं हलकं वाटाले लागलं. नोकरी वाचली होती.

भिंत आली, आन भिंतीजवळ कांताबाई उभी होती.

एकटी. हातात डबा. मागं गोलू पुटपुटला, "अरे बाप्पा. तिच्याजवळ साधा फोन आहे. ग्रुपवर नाही ते."

कांताबाईनं हात वर केला नाही. सोमवारी केला होता, तेव्हाचं तिच्या लक्षात असन. ती नुसती पाहत होती, थांबते का नाही ते. रुपरावनं ठरवलं होतं, सरळ जायचं. डोकं सरळच चाललं होतं. पण उजव्या पायानं एकवीस वर्षं डोक्याले कधी विचारलं होतं? पाय ब्रेकवर गेला. गाडी करकरत उभी राहिली.

हर्षित ताठ झाला. "काका, हा स्टॉप यादीत नाही."

"नैसर्गिक," म्हणे रुपराव.

"खरंच?"

"मंग काय खोटं उतरतो का या उन्हात?"

"ओके." हर्षितनं टॅबवर घड्याळ चालू केलं. "चार मिनिटं. मी खाली येतो. मला कारण खरं आहे का ते लिहावं लागतं."

दोघंही उतरले. रुपराव भिंतीसमोर उभा राहिला. मागं पाच पावलावर हर्षित, भिंतीले अर्धी पाठ करून, लाजून, पण कान टवकारून. कांताबाई एका बाजूनं बसच्या पायरीकडं निघाली, एक पाय, मंग दुसरा, मंग श्वास.

रुपरावनं जोर लावला. काहीच नाही. रात्रभराचा कोरडा माणूस. आत वाळवंट. त्यानं पाण्याचा विचार केला. अंबाझरी भरून वाहते त्याचा विचार केला. घरच्या कूलरची टाकी ओसंडते आन जयवंता ओरडते, त्याचा केला. काहीच नाही.

"एक मिनिट झालं," हर्षित म्हणे.

"मोजू नका ना मधातच! मोजल्यानं होते का?"

"सॉरी काका."

बसच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. पहिल्यांदा सारे जागे होते. त्याइले सारं दिसत होतं: रुपरावची पाठ, हर्षितचा टॅब, पायरीवर हात ठेवून उभी कांताबाई. पिंटूचं नाव साऱ्याइले माहीत होतं.

"दीड."

"दिसून राहिलं का काही?" सौरवनं हळूच विचारलं.

"नाही बे. भिंत कोरडी आहे," गोलू म्हणे.

"दोन मिनिटं. काका, नसेल तर तसं सांगा. मी तसं लिहितो."

"आहे! रस्त्यात आहे! येऊन राहिली!" रुपरावचा आवाज फाटला. टकलावरून घाम उतरून कानात गेला. एवढं पाणी अंगातून बाहेर निघून राहिलं होतं आन एकही थेंब योग्य जागेहून नाही.

तेव्हा कांताबाईनं केलं. पायरीवर एक पाय ठेवलेल्या अवस्थेत तिनं तोंड बारीक केलं आन तान्ह्या लेकराले मांडीवर धरून करतात तसा आवाज काढला.

"शूऽऽऽ."

मंग तिनं पुन्हा केलं. "शूऽऽऽ, शूऽऽऽ." तिनं पाच लेकरं आन नऊ नातवंडं अशीच वाढवली होती.

गोलूनं खिडकीतून मुंडकं काढलं आन केलं, "शूऽऽ." सौरवनं केलं. मागच्या सीटवरच्या मिशावाल्या वेल्डरनं केलं. हा हा म्हणता सारी बस, बाया, बापे, शिफ्टच्या निळ्या शर्टातले दाढीवाले गडी, ओठ गोल करून, "शूऽऽऽ, शूऽऽऽ." ठेल्यावरून भीमाबाईनं किटली वर उचलली आन रिकाम्या गिलासात उंचावरून बारीक धारेनं चहा सोडाले लागली. रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं काय चाललं म्हणून ब्रेक मारला, आन काही न समजता तोही करू लागला.

"तीन मिनिटं," हर्षित म्हणे. पण त्याचा आवाज कोणाले ऐकू आला नाही.

रुपरावले आयुष्यात एवढा राग कधीच आला नव्हता. त्रेपन्न वर्षांचा माणूस, अख्ख्या रस्त्याचं लेकरू होऊन उभा. त्याले वाटलं मागं फिरून एकेकाच्या आजोबापर्यंत जावं. त्यानं तोंड उघडलं, पोटातून पहिली शिवी वर निघाली, आन त्या धक्क्यानं दुसरीकडलं दार उघडलं.

बारीक होती. पिवळीजर्द होती. आन जळली, खूप जळली. पण भिंतीवर पडली.

बसमधून असा आवाज उठला का लॉनमागच्या वस्तीतले कुत्रे भुंकाले लागले.

"तीन मिनिटं पन्नास," हर्षित म्हणे. तो भिंतीकडं एकदा पाहून लगेच दुसरीकडं पाहाले लागला. कान लाल झाले होते त्याचे. त्यानं कारणाच्या चौकटीत 'खरं' दाबलं. "सॉरी काका. मला आधी वाटलं होतं..."

"बसा गाडीत," म्हणे रुपराव.

कांताबाई केव्हाची आत बसली होती. रुपरावनं गाडी अशी काढली का उभे होते ते बसले आन बसले होते ते आडवे झाले. सहा छप्पनले गेट. कांताबाईनं उतरताना त्याच्या सीटजवळ थांबून पदरातली पाण्याची बाटली पुढं केली. रुपरावनं घेतली. एका दमात संपवली. ती मशीनपर्यंत पोचेपर्यंत त्यानं काचेतून पाहिलं. हिरवी बत्ती.

हर्षित सगळ्यात शेवटी उतरला. पायरीवरून वापस फिरला. "काका, एक अडचण आहे. जीपीएसवर हा थांबा रोज दिसतो, आणि आता मी खरं लिहिलं. म्हणजे फॉर्मप्रमाणे तुमची ही गरज रोजची झाली. उद्या नाही थांबलात तर सिस्टम विचारेल, की आजचं खोटं होतं का?"

"म्हणजे मले रोज तिथं करा लागन? नोकरी टिकवाले?"

"सहा चाळीसला. पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं चालेल."

रुपरावनं त्याच्याकडं पाहिलं. शिवी ओठावर आली होती. पण मशीनजवळ कांताबाई उभी राहून गुडघा चोळत होती, आन शिवी कुठंतरी खाली उतरून गेली.

"उद्या रविवार आहे," म्हणे रुपराव.

"हो, बरोबर," हर्षितनं टॅबवर बोट फिरवलं. "मग सोमवारपासून."